आधी फुली, मग उत्तर

वर्धा जिल्ह्यातल्या गाड्यांच्या पाटीवर आधी ‘एमएच ३२’ असतं आणि शेवटी बहुधा चार आकडे. हे चार आकडे म्हणजे रस्त्यावर फुकट मिळणारं कोडं आहे. समजा, बजाज चौकात समोर थांबलेल्या गाडीवर १९३६ आहे. गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले ते हे साल. आता हे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावायचे, ९६३१. मग उलटे लावायचे, १३६९. मोठ्यातून लहान वजा केला की ८२६२ उरतात. या उत्तराचंही तेच करायचं: ८६२२ वजा २२६८, उत्तर ६३५४. पुन्हा ६५४३ वजा ३४५६, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. शेवटी ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि ६१७४ ला हेच केलं तर? ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी इथेच थांबते. चारही आकडे सारखे नसले, तर कुठलीही पाटी घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर पोचते.

ही गंमत शोधून काढली देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत गणित शिकवलं. पदव्युत्तर पदवी नव्हती. आकड्यांशी खेळणारा माणूस म्हणून अनेक गणितज्ञांनी त्यांना गांभीर्याने घेतलं नाही. ६१७४ चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभरच्या कोडंवेड्यांना देवळालीचं नाव कळलं.

फोनवर कोडी सोडवणाऱ्याला कापरेकरांच्या या आकड्यातून एक फार कामाची गोष्ट शिकता येते. चार आकड्यांच्या पाट्या जवळजवळ दहा हजार. एवढ्या सगळ्या शेवटी एकाच जागी पोचतात, हे तपासायचं तरी कसं? पण त्या वजाबाकीत एक गुपित आहे. तिचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांच्यातला फरक, आणि मधल्या दोघांमधला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा, बेरीज करा. १९३६ मध्ये हे फरक ८ आणि ३. म्हणजे ७९९२ अधिक २७०, बरोबर ८२६२. अशा फरकांच्या जोड्या मोजल्या तर त्या फक्त ५४ भरतात. म्हणजे पहिल्याच वजाबाकीत दहा हजारांची गर्दी चौपन्नावर येते, आणि चौपन्न आकडे वहीच्या दोन पानांवर हाताने तपासता येतात. उत्तराच्या मागे न धावता शक्यतांची गर्दी आधी कमी करायची, हाच सगळ्या कोड्यांचा गाभा आहे. पुढे खेळ कोणताही येवो, सुडोकू असो, वर्डल असो की माइनस्वीपर, काम हेच.

वर्ध्याहून नागपूरला रोज अप-डाऊन करणाऱ्यांच्या डब्यात हल्ली पत्त्यांच्या जोडीला फोन आले आहेत. सेलू रोड, सिंदी, बुटीबोरी अशी स्टेशनं मागे पडत जातात आणि मान खाली घालून कुणी रंगीत पाणी बाटल्यांत सारखं करत असतं, कुणी राण्या बसवत असतं, कुणी इंग्रजी शब्द ओळखत असतं. अडलं की बहुतेकांचं बोट एकाच जागी जातं, दिव्याचं चित्र असलेल्या ‘हिंट’वर. तीस सेकंदांची जाहिरात बघायची आणि पुढची चाल मिळवायची. त्या तीस सेकंदांत कोडं पुढे सरकतं, सोडवणारा मात्र होता तिथेच राहतो. उद्या तशीच अडचण आली की पुन्हा जाहिरात.

अडलेल्याची दुसरी सवय त्याहून घातक, ती म्हणजे अंदाज ठोकायचा. सुडोकूत ‘इथे बहुतेक ७ असेल’ म्हणून ७ लिहिला, तर चूक लगेच कळत नाही. वीसेक घरं भरून झाली की एका ओळीत दोन ३ येतात, आणि तोवर मूळ चूक कुठली आणि तिच्यावर रचलेली कुठली हे वेगळं काढता येत नाही. म्हणून मुरलेले खेळाडू उत्तर लिहिण्याआधी फुल्या मारतात. हे इथे येऊ शकत नाही, तेही नाही, मग उरलं ते एकच.

सुडोकूचं घराणं पाहिलं तर ते जपानी वाटतं, पण त्याचा आजचा साचा १९७९ साली एका अमेरिकी मासिकात आला. तो हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुरचनाकाराने केला असं मानतात. जपानच्या ‘निकोली’ने १९८४ च्या सुमारास त्याला आपलंसं केलं, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने ते छापायला सुरुवात केल्यावर वर्षभरात ते जगभरच्या वर्तमानपत्रांत पोचलं. पूर्ण भरलेल्या सुडोकूच्या मांडण्या ६,६७०,९०३,७५२,०२१,०७२,९३६,९६० इतक्या आहेत. बावीस अंकी संख्या. तरीही नीट निवडलेले फक्त १७ आकडे दिले तर त्या सगळ्यांतून एकच मांडणी उरू शकते. १६ आकड्यांत हे कधीच जमत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली संगणकाने तपासून दाखवलं. सतरा आकडे उरलेल्या चौसष्ट घरांवर किती फुल्या मारत असतील, याचा यावरून अंदाज यावा.

सोडवताना दोन प्रश्न आलटूनपालटून विचारावे लागतात. पहिला, या घरात कोणता आकडा बसेल? दुसरा, या ओळीत हा आकडा कुठे बसेल? नवखे लोक पहिल्याच प्रश्नाला चिकटून बसतात. खरं तर सुरुवातीला दुसरा जास्त फळ देतो. पटावर जो आकडा सर्वाधिक वेळा आला आहे तो धरायचा आणि शेजारशेजारच्या तीन पेट्यांमधून फिरवायचा. दोन पेट्यांत तो असला तर तिसऱ्या पेटीतल्या दोन ओळी आपोआप बाद होतात, आणि उरलेल्या ओळीतल्या तीन घरांपैकी एखादं आधीच भरलेलं असतं. सोपी सुडोकू निम्मी तरी एवढ्यावर सुटतात.

पुढची पायरी जोडीची. एका ओळीतल्या दोन घरांत फक्त २ किंवा ७ च येऊ शकतो असं कळलं, तर कुठे २ आणि कुठे ७ हे ठाऊक नसतानाही एक गोष्ट पक्की होते: त्या ओळीतल्या बाकीच्या घरांतून २ आणि ७ दोन्ही बाद. अर्धवट माहितीतूनही पूर्ण निष्कर्ष निघतो, आणि ज्याला हे एकदा उमगलं त्याला अवघड सुडोकूची भीती राहत नाही. तसंच, एखाद्या पेटीत ५ साठी उरलेली दोन्ही घरं एकाच ओळीत असतील, तर त्या ओळीत पेटीबाहेर कुठेही ५ येणार नाही. ॲपमध्ये पेन्सिलीची खूण असते, ती याचसाठी. मात्र सुरुवातीलाच सगळ्या घरांत सगळ्या शक्यता भरल्या तर पट काळा होतो आणि नजर थकते. एखाद्या पेटीत एका आकड्याला दोनच घरं उरली, तेव्हाच खूण करावी.

मे २०२० मध्ये, टाळेबंदीत घरी बसलेल्या लाखो लोकांनी यूट्यूबवर एक चलच्चित्र पाहिलं. ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या वाहिनीचे सायमन अँथनी यांच्यासमोर मिचेल ली यांनी रचलेलं एक सुडोकू होतं. अख्ख्या पटावर दोनच आकडे, एक १ आणि एक २. बाकी एकोणऐंशी घरं रिकामी. नेहमीच्या नियमांशिवाय आणखी काही अटी होत्या: बुद्धिबळातल्या घोड्याच्या किंवा राजाच्या एका चालीवर तोच आकडा पुन्हा नको, आणि आडव्या-उभ्या शेजाऱ्यांत लागोपाठचे आकडे नकोत. अँथनी यांना आधी ही थट्टाच वाटली. मग त्यांनी फुल्या मारायला सुरुवात केली आणि सुमारे पंचवीस मिनिटांत पट पूर्ण भरला. दोन आकड्यांतून नव्हे, अटींमधून. कोड्यात दिलेल्या आकड्यांइतकंच, किंबहुना जास्तच, नियम बोलत असतात. अडल्यावर नियम पुन्हा वाचणं आणि त्यातला कुठला नियम अजून वापरलाच नाही हे पाहणं, ही सवय हजार हिंटांपेक्षा मोलाची.

सुडोकूची जागतिक स्पर्धा मराठी मुलखाच्या अगदी शेजारी होऊन गेली आहे. एप्रिल २००८ मध्ये तिसरी जागतिक सुडोकू स्पर्धा गोव्यात भरली आणि अमेरिकेचे थॉमस स्नायडर सलग दुसऱ्यांदा विजेते ठरले. २०१७ साली बंगळुरूलाही ती झाली. लिंक्डइनवर २०२५ साली आलेलं सहा बाय सहाचं छोटं सुडोकू खेळणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल की त्याच्या घडणीत याच स्नायडर यांचा हात आहे.

लिंक्डइनवरचाच ‘क्वीन्स’ हा खेळ नोकरदारांमध्ये २०२४ पासून फार चालतो. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि प्रत्येक रंगात एकच राणी, आणि दोन राण्या एकमेकींना चिकटता कामा नयेत, तिरक्याही. याचं मूळ १८४८ सालच्या आठ वजिरांच्या कोड्यात आहे. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांच्या माऱ्याबाहेर बसवायचे, आणि ते ९२ प्रकारे जमतं. मात्र क्वीन्समध्ये तिरका मारा फक्त शेजारच्या घरापर्यंतच धरतात, हे बुद्धिबळ खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, नाहीतर ते नको तिथे फुल्या मारतात. इथे सुडोकूतली जोडी जशीच्या तशी चालते. दोन रंग मिळून दोनच ओळींत मावत असतील, तर त्या दोन ओळी त्याच दोन रंगांच्या. तिथल्या इतर रंगांच्या सगळ्या घरांवर फुली. तीन रंग तीन ओळींत असले तरी तेच. राणी कुठे बसेल हे शोधण्याआधी, कुठल्या घरात राणी ठेवली तर एखादा अख्खा रंगच मरतो ते पाहावं. लहान रंगाच्या आसपासची घरं अशी पटापट बाद होतात.

माइनस्वीपर जुना झाला, तरी तर्काचा त्याच्याइतका स्वच्छ खेळ थोडाच असेल. यात आकडा भोवतालच्या घरांत किती सुरुंग आहेत ते सांगतो. न उघडलेल्या घरांच्या कडेने ओळीत १-२-१ असे आकडे दिसले, तर सुरुंग नेमके दोन्ही एकांच्या समोर असतात आणि दोनाच्या समोरचं घर निर्धोक असतं. का? मधल्या घरात सुरुंग आहे असं क्षणभर धरा. दोन्ही एकांचा हिशेब तिथेच संपला, त्यांच्या जवळ दुसरा सुरुंग चालणार नाही. मग दोनाला दुसरा सुरुंग मिळणार कुठून? म्हणजे धरलेलं चूक. हा ‘धरून पाहा आणि मोडून दाखवा’ प्रकार शाळेच्या भूमितीतही असतो. अंदाजात आणि यात फरक एवढाच की अंदाज बांधणारा चुकू नये म्हणून प्रार्थना करतो, आणि हा मुद्दाम चूक निघावी म्हणूनच धरतो.

शब्दांच्या खेळात फुलीचं रूप बदलतं. जॉश वार्डल यांनी आपल्या जोडीदार पलक शहा यांच्यासाठी केलेला ‘वर्डल’ ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांना खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. मुळात उत्तराचे शब्द सुमारे २,३०० होते. यात प्रत्येक प्रयत्न हा एक प्रश्न असतो, आणि चांगला प्रश्न तो, ज्याचं उत्तर काहीही आलं तरी निम्म्याहून जास्त शक्यता गळतात. १ ते १,००० मधली मनात धरलेली संख्या ‘हो-नाही’च्या दहा प्रश्नांत ओळखता येते, कारण दर वेळी निम्मं कापत गेलं की दहाव्या प्रश्नाला एकच उरते. म्हणून वर्डलमध्ये पहिला शब्द ‘स्लेट’ किंवा ‘क्रेन’सारखा, नेहमी येणाऱ्या पाच वेगवेगळ्या अक्षरांचा घ्यावा.

खरी कसोटी पुढे असते. समजा शेवटची चार अक्षरं पक्की झाली आहेत आणि शब्द ‘आइट’वर संपतो. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, शिवाय याच चार अक्षरांवर संपणारा एट म्हणजे आठ. आठ शक्यता आणि हातात तीन प्रयत्न. एकेक शब्द टाकत बसलं तर हरण्याचीच शक्यता जास्त. इथे ‘फ्लेम’ टाकावा. तो उत्तर नाही हे ठाऊकच आहे, पण त्यात फाइटचं एफ, लाइटचं एल, माइटचं एम आणि एटचं ई ही चारही अक्षरं आहेत. एका फटक्यात चार शक्यतांचा निकाल लागतो. जिंकण्यासाठी एक प्रयत्न मुद्दाम हरायचा, हे अनेकांना जिवावर येतं. ज्यांना जमतं त्यांची साखळी तुटत नाही. फक्त ‘हार्ड मोड’, म्हणजे सापडलेली अक्षरं पुढे वापरावीच लागतील अशी अट, सुरू असेल तर ही सोय नसते, तेव्हा तिथे अशा सापळ्याचा वास दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नालाच यावा लागतो.

वर्डलच्या धर्तीवरचे खेळ मराठीतही निघाले आणि तिथे देवनागरीने स्वतःचे डावपेच आणले. वर्तमानपत्रातल्या मराठी शब्दकोड्यात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर एका घरात बसतं, जोडाक्षरसुद्धा. त्यामुळे आडव्या शब्दातून मिळालेलं एक अक्षर उभ्या शब्दाला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त माहिती देतं. नुसता ‘प’ आणि ‘पो’ यांत फार अंतर आहे. शिवाय आपल्या अक्षरांच्या सवयी असतात. ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही, ‘ण’नेही जवळजवळ नाहीच. तेव्हा एखाद्या उभ्या शब्दाच्या पहिल्या घरात ‘ळ’ येत असेल तर आडवा शब्द नक्की चुकला आहे, उभ्याची किल्ली वाचायचीही गरज नाही. क्रियापद विचारलं असेल तर शेवटच्या घरात ‘णे’ पेन्सिलीने लिहून टाकावं.

अक्षरांच्या सवयींवर उभा असलेला आणखी एक फोनवरचा खेळ म्हणजे क्रिप्टोग्राम: एकाच्या जागी दुसरं अक्षर घातलेलं वाक्य ओळखायचं. वर्ध्याच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी ज्यांचं नातं आहे त्या महानुभाव पंथीयांनी ही विद्या काही शतकं वापरली, तीही खेळ म्हणून नव्हे. आपले ग्रंथ बाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून ते सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले जात. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात रिद्धपूरलाच सिद्ध झालं. मराठी गद्याचा हा एवढा मोठा ठेवा लिपीच्या कुलपाआड राहिला, आणि विसाव्या शतकात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे त्याची दारं सर्वांसाठी उघडत गेली. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहत आहे, हे किती योग्य आहे!

असं कूट सोडवणाऱ्याने आधी मोजावं. मराठीत सगळ्यांत जास्त येणारी खूण काना आहे. ‘चा, ची, चे’ आणि ‘ला’ शब्दांच्या शेवटी पुन्हापुन्हा येतात, तर ‘आणि’ हा दोन अक्षरांचा शब्द वाक्याच्या मधोमध सापडतो. तीन शब्दांच्या शेवटी एकच खूण वेगवेगळ्या मात्रांसह दिसली तर ती ‘च’ असण्याचा संशय घ्यावा आणि मग इतर जागी तो टिकतो का ते तपासावं. सगळ्यांत छोट्या शब्दांपासून सुरुवात करणं चांगलं, कारण त्यांना पर्याय कमी.

काही खेळांत फुली मारायला घरंच नसतात, सरकवायचं असतं. तिथे शेवटाकडून मागे यावं. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये निघालेल्या ‘सोकोबान’मध्ये खोकी ढकलता येतात, ओढता येत नाहीत. कोपऱ्यात गेलेलं खोकं कायमचं गेलं. म्हणून खोकं कुठे न्यायचं याऐवजी, मुक्कामी पोचलेलं खोकं शेवटच्या चालीआधी कुठे असलं पाहिजे हे विचारावं. बाटल्यांतलं रंगीत पाणी वेगळं करण्याच्या खेळातही रिकामी बाटली हेच खरं भांडवल. ती पहिल्या संधीला भरून टाकणारा तीन चालींत अडकतो. ज्या बाटलीचा तळाचा रंग दुसरीकडे वर आला आहे, ती आधी मोकळी करावी. १९ वर्षांच्या गॅब्रिएले चिरुली या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये केलेल्या ‘२०४८’मध्येही मोकळी जागाच महत्त्वाची. सर्वांत मोठा आकडा एका कोपऱ्यात ठेवावा, त्याच्या कडेची ओळ उतरत्या क्रमाने भरलेली ठेवावी आणि त्याला कोपऱ्यातून हलवणारी दिशा अगदी नाइलाज झाल्याशिवाय दाबू नये. नवीन येणाऱ्या दर दहा फरश्यांत साधारण नऊ दोनाच्या असतात, चाराची एखादीच. त्यामुळे पुढच्या दोन चालींचा हिशेब बांधता येतो.

आणि काही कोडी सुटतच नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पंधरा फरश्यांच्या सरकत्या कोड्याने अमेरिकेला वेड लावलं होतं. १४ आणि १५ ची अदलाबदल करून दाखवणाऱ्याला कोडीकार सॅम लॉइड यांनी १,००० डॉलर देऊ केले होते. ते पैसे कुणालाच मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते. फरशी सरकली की मांडणीचं सम-विषमपण आणि रिकाम्या जागेचं सम-विषमपण एकदमच पालटतं, म्हणून निम्म्या मांडण्या दुसऱ्या निम्म्यांपर्यंत कधीच पोचत नाहीत. याची सिद्धता १८७९ सालीच छापून आली होती. कापरेकरांच्या वजाबाकीत जसे दोन फरक सगळं ठरवतात तसंच हे. चालींनी काय बदलतं यापेक्षा काय बदलत नाही हे पाहणारा तासन्‌तास वाया घालवत नाही.

‘ब्रेन आउट’, ‘ब्रेन टेस्ट’ यांसारखे खेळ वेगळ्या जातीचे. तिथे तर्कापेक्षा चलाखी चालते. ‘सर्वांत मोठं फळ दाबा’ म्हटलं की चित्रातलं मोठं फळ नव्हे, प्रत्यक्षात मोठं असणारं फळ अपेक्षित असतं. कधी प्रश्नातलाच शब्द बोटाने ओढून आणायचा असतो, कधी फोन हलवायचा, कधी उलटा करायचा. प्रश्न शब्दशः वाचावा आणि पडद्यावरची प्रत्येक वस्तू, प्रश्नासकट, हलते का ते पाहावं. दहा-पंधरा पातळ्यांनंतर युक्त्या ओळखीच्या होतात आणि गोडी ओसरते. लहान मुलं मात्र यात मोठ्यांपेक्षा सरस ठरतात.

‘रोज दहा मिनिटं खेळा, बुद्धी वाढवा’ अशी जाहिरात दिसली तर तिच्यावरही फुली मारावी. २०१० साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या एका मोठ्या प्रयोगात ११,४३० लोकांनी सहा आठवडे मेंदूचे ऑनलाइन व्यायाम केले. ज्या कामाचा सराव केला त्यात ते सुधारले, बाकीच्या बौद्धिक कामांत त्याचा पाझर दिसला नाही. ‘लुमोसिटी’च्या कंपनीला असे दावे केल्याबद्दल अमेरिकेत जानेवारी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले. सुडोकूने सुडोकू सुधारतं, हेही थोडं नाही. आनंद तर खराच मिळतो. मात्र कोड्याच्या नावाखाली पैसे लावायला सांगणारं ॲप फोनमधून काढून टाकावं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली आहे. पिन ओढून राजाला वाचवा अशा जाहिरातींचा खेळ उतरवून घेतला तर आत भलतंच निघतं, हा अनुभव अनेकांचा. ब्रिटनच्या जाहिरात नियामकांनी २०२० साली अशा दोन जाहिरातींवर बंदी घातली होती.

सराव करायचा तर फोन बाजूला ठेवून कागद घ्यावा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. हाताने काम करता करता डोकं शिकतं हा तिचा आग्रह होता, आणि कोड्यांच्या बाबतीत तो तंतोतंत पटतो. अडलेला पट वहीत उतरवताना नजर प्रत्येक घरावर थांबते आणि पडद्यावर निसटलेली गोष्ट पेन्सिलीच्या टोकाशी सापडते. तरीही सुटलं नाही तर उठून जावं. जेवून आल्यावर तोच पट वेगळा दिसतो. आणि उत्तर पाहावंच लागलं तर एकच घर पाहावं, मग ते घर तर्काने कसं निघालं असतं हे शोधून काढावं. ‘लॉजिक मास्टर्स इंडिया’ या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत स्पर्धा होतात, तिथे कोड्यांची पुस्तिका उतरवून घेऊन कागदावर सोडवता येते. आपल्याकडचे कितीतरी खेळाडू तिथेच तयार झाले.

सोडवता येऊ लागलं की एखादं रचून पाहावं, कारण रचणाऱ्याला सोडवणाऱ्याच्या सगळ्या वाटा दिसतात. वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके घ्या: वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. यांचं शब्दकोडं करायचं, सगळी नावं एकमेकांत गुंफायची. अक्षरं जुळवून पाहिली की कळतं, दोनच जागी थेट गाठ बसते. आर्वी आणि आष्टी ‘आ’वर, वर्धा आणि देवळी ‘व’वर. बाकीच्यांना दुवे लागतात. कारंजाच्या ‘का’वरून ‘कापूस’ उभा सोडला तर तो थेट समुद्रपूरच्या ‘स’वर उतरतो. समुद्रपूरच्या ‘मु’खाली ‘मुकुट’ लावला की त्याचा ‘ट’ हिंगणघाटाला जोडला जातो. सेलूसाठी ‘आलू’ सुचेल, पण ‘आ’ आर्वी-आष्टीने आडवा-उभा दोन्हीकडून आधीच घेतलेला आहे, तेव्हा तिथे फुली. सेलूसाठी दुसरा शब्द हवा.